आजोबांचं ‘पोर्ट’ चूक नव्हे

पत्र:

नमस्कार. आम्ही वास्कोला राहतो. मुलगी नववीत आहे. इंग्रजीच्या प्रोजेक्टला ‘एक शब्द, अनेक अर्थ’ असा विषय होता, तिनं ‘पोर्ट’ हा शब्द घेतला आणि घरीदारी सगळ्यांना विचारून अर्थ लिहिले. माझे सासरे मालवाहू बोटींवर खलाशी होते. त्यांनी सांगितलं, पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू. मिस्टरांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणाले, चार्जरची पिन जिथं बसते ते पोर्ट, आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं म्हणजेसुद्धा पोर्ट करणं. शेजारच्या आंटीनं नाताळातली पोर्ट वाइन सांगितली. टीचरनी ‘बंदर’ तेवढं ठेवलं, बाकी सगळ्यावर लाल रेघ मारली आणि ‘मूळ अर्थ एकच, बाकीची बोलीभाषा’ असा शेरा दिला. सासऱ्यांना हे फार लागलंय. ‘म्हणजे मी जन्मभर बोटीवर चुकीचं बोलत होतो काय,’ असं ते विचारतात. मुलगी म्हणते, टीचर सांगते तेच खरं. बरोबर कोण? शाळेत जाऊन बोलू की सोडून देऊ? प्रोजेक्ट पुन्हा करायची संधी आहे, तेव्हा मराठीतलाही असा एखादा शब्द सुचवाल का?

एक आई, वास्को

उत्तर:

ताई, आधी सासऱ्यांना सांगा की ते बरोबर आहेत. नुसते बरोबर नाहीत, त्यांच्या अर्थामागे ब्रिटिश आरमाराचा लेखी हुकूम आहे. तो कधीचा आणि कशासाठी, ते खाली येईलच. तुमचे मिस्टर आणि आंटी हेही बरोबर आहेत. टीचरनी ठेवलेला अर्थ बरोबरच आहे, पण तो एकटाच खरा हे म्हणणं टिकत नाही.

मुलीला एक काम सांगा. शाळेच्या वाचनालयातला जाडजूड इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्यायचा आणि ‘पोर्ट’ काढायचा. तिथं हा शब्द एकदा नाही, चार-पाच वेळा स्वतंत्र नोंद म्हणून छापलेला दिसेल आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात १, २, ३ असे आकडे असतील. बहुतेक मुलं हे आकडे बघतच नाहीत, आणि शब्दकोश कसा वाचायचा हे त्यांना कुणी शिकवतही नाही. त्या आकड्यांचा अर्थ असा, की स्पेलिंग एक असलं तरी कोशकारांनी हे शब्द वेगवेगळे धरले आहेत. आपल्याकडे नाईक आडनावाची माणसं काणकोणातही भेटतात आणि पेडण्यातही. आडनाव एक म्हणून ती सगळी भावकी होत नाही, पण काही घरांचा कुळदेव एकच निघतो. ‘पोर्ट’चंही तसंच आहे.

बंदरापासून सुरुवात करू, कारण तुम्ही राहता वास्कोला आणि मुरगाव बंदर तुमच्या दाराशी. लॅटिनमध्ये बंदराला ‘पोर्तुस’ म्हणत, इंग्रजीतला बंदर या अर्थाचा ‘पोर्ट’ तिथून आला. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी रोमन काळात एक वस्ती होती, नाव ‘पोर्तुस काले’. पुढं त्याचं ‘पोर्तुकाले’ झालं, आजूबाजूच्या मुलखालाही तेच नाव पडलं आणि शेवटी सगळ्या देशाचंच नाव पोर्तुगाल झालं. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांनी गोव्यावर राज्य केलं त्यांच्या देशाच्या नावातच बंदर आहे. हे वाक्य मुलीच्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर हवं, असं मला मनापासून वाटतं. पणजीला मांडवीच्या काठावर ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्स’चं कार्यालय आहे. तोच हा बंदराचा पोर्ट. पासपोर्टमधलाही तोच. फ्रेंचमध्ये ‘पास’ म्हणजे ओलांडणे, तेव्हा पासपोर्ट म्हणजे बंदरातून पुढं जायची मुभा. संधी या अर्थाचा ‘ऑपॉर्च्युनिटी’ हा शब्दही याच घरातला आहे. गलबताला बंदराकडे नेणारा वारा सुटला की लॅटिनमध्ये त्याला ‘ओप्पोर्तुनुस’ म्हणत. शिडाच्या जहाजांच्या दिवसांत असा वारा मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे सासरे तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता आंटीची वाइन. त्याच दोरू नदीच्या मुखाशी आज जे शहर आहे त्याचं नाव पोर्तू, म्हणजे शब्दशः ‘बंदर’. नदीच्या वरच्या खोऱ्यात द्राक्षमळे आहेत. तिथली वाइन पिंपांत भरून नदीतून खाली यायची आणि या शहरातून जहाजानं इंग्लंडला जायची. जिथून आली त्या गावाचं नाव तिला चिकटलं. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात १७०३ मध्ये मेथ्युएन तह झाला. त्यात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली, आणि इंग्रजांच्या टेबलावर पोर्ट कायमची बसली. ती गोड का असते, हेही मुलीला लिहिता येईल. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची कडक दारू घालतात. आंबण्याची क्रिया तिथंच थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्काचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. नेहमीच्या वाइनपेक्षा हे बरंच जास्त. मार्केस द पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्यानं १७५६ मध्ये दोरू खोऱ्याची हद्द आखून दिली. युरोपात आजही त्या हद्दीबाहेरच्या वाइनला पोर्ट म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे नाताळात जी स्वस्त गोड बाटली सगळीकडे दिसते तिच्यावर पोर्ट लिहिलेलं असलं तरी ती त्या खोऱ्यातली नसते, आपल्याच देशात तयार होते. मग वाइन आणि बंदर हे नात्यातले शब्द झाले. तरी कोशात वाइनला वेगळा आकडा असतो, कारण ती इंग्रजीत शहराच्या नावावरून आली, थेट बंदरावरून नाही.

सासऱ्यांचा अर्थ मी सविस्तर सांगणार आहे, कारण लाल रेघ त्यालाच सगळ्यांत जास्त लागली.

जहाजावर डावं-उजवं म्हणून चालत नाही. एक खलाशी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभा असतो, दुसरा मागं, तिसरा पाठमोरा. ‘डावीकडचा दोर सोड’ म्हटलं तर कुणाची डावी? म्हणून बाजूंना माणसावर अवलंबून नसलेली नावं लागतात. जुन्या उत्तर युरोपातल्या होड्यांना आजच्यासारखं मागच्या टोकाला मधोमध सुकाणू नसायचं. एक मोठं वल्हं बाजूला बांधलेलं असे आणि त्यानंच होडी वळवत. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून ते वल्हं उजव्या बाजूला. जुन्या इंग्रजीत त्या बाजूला ‘स्टेओरबोर्ड’ म्हणत, म्हणजे सुकाणूची बाजू. तोच आजचा ‘स्टारबोर्ड’. त्याचा आकाशातल्या ताऱ्याशी काहीही संबंध नाही. मुलगी प्रोजेक्टमध्ये तसं लिहायला जाईल, तिला आधीच सांगून ठेवा.

धक्क्याला लागताना उजवी बाजू भिंतीला टेकवली तर ते वल्हंच चिरडणार. म्हणून होडी डाव्या बाजूनं धक्क्याला लावत आणि त्याच बाजूनं माल चढवत-उतरवत. त्या बाजूचं जुनं इंग्रजी नाव ‘लारबोर्ड’. त्याचं मूळही बहुधा माल चढवण्याच्या शब्दातच आहे. घोळ इथंच झाला. वादळात, वारा कानात घोंघावत असताना ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ हे दोन शब्द ओरडून पाहा, म्हणजे कळेल. शेपूट तेच आणि सुरुवातही जवळपास सारखी. ऐकण्यात चूक झाली तर जहाज उलट दिशेला वळणार. खलाशी म्हणून डावीला ‘पोर्ट’ म्हणू लागलेच होते, म्हणजे बंदराकडे असणारी बाजू. १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं हुकूम काढला, की ‘लारबोर्ड’ बंद, डावीला ‘पोर्ट’च म्हणायचं. अमेरिकन आरमारानं १८४६ मध्ये तेच केलं. सासरे जे जन्मभर बोलले ते या हुकमाप्रमाणे. ती बोलीभाषा नव्हे. चूक झाली तर जीव जाईल अशा धंद्यात मुद्दाम ठरवून घेतलेला तो शब्द आहे.

मुलीला रात्री बाहेर नेऊन हे दाखवता येईल. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. झुवारीच्या मुखातून आडवं जाणारं जहाज अंधारात दिसलं आणि त्याचा लाल दिवा आपल्याकडे असला, तर आपल्याला त्याची पोर्ट बाजू दिसते आहे, म्हणजेच ते आपल्या डावीकडे चाललं आहे. विमानांनी हा नियम जहाजांकडून उचलला. दाबोळीला रात्री उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, तो तुमच्याकडून सहज दिसेल. पोर्ट वाइनही लाल आणि पोर्टचा दिवाही लाल, अशी खूण इंग्रज खलाशी नवशिक्यांना लक्षात ठेवायला सांगत. सासऱ्यांनाही ती कुणी ना कुणी सांगितली असेल, विचारून बघा.

मिस्टरांच्या दुकानात ‘पोर्ट’ दोन आहेत. ते रोज दोन्ही बोलतात, पण दोघांची मुळं वेगळी.

चार्जरची पिन जाते ते पोर्ट लॅटिनच्या ‘पोर्ता’वरून आलं. पोर्ता म्हणजे दरवाजा, वेस. स्कॉटलंडमध्ये जुन्या शहरांच्या वेशींना अजून पोर्ट म्हणतात. एडिनबरोत ‘वेस्ट पोर्ट’ नावाचा भाग आहे, तिथं बंदर नाही, पूर्वी वेस होती. जहाजाच्या कुशीत तोफांसाठी चौकोनी भोकं ठेवत, ती ‘गन पोर्ट’. जहाजाची गोल खिडकी ‘पोर्टहोल’ म्हणून ओळखली जाते. पुढं यंत्रांमध्ये वाफ किंवा हवा आतबाहेर जाण्याच्या तोंडाला हेच नाव मिळालं आणि तिथून संगणकात आलं. वीज किंवा माहिती आत-बाहेर करण्याचा तो दरवाजा. फोनचं पोर्ट जाम झालं म्हणून गिऱ्हाईक येतं तेव्हा मिस्टर टॉर्च मारून बारीक काडीनं आतला कापूस-धूळ काढतात ना, ते दाराचाच उंबरठा झाडत असतात.

इथं थोडं आडवाटेला जातो. पोर्तुगीजांचं ‘पोर्ता’ मराठीनं घेतलं नाही, आपण दारच म्हणत राहिलो. पण दाराला लागणाऱ्या वस्तू मात्र घेतल्या. चावी हा त्यांचा ‘शावे’ आणि बिजागरी हा त्यांचा ‘बिझाग्रा’. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, तोही त्यांचाच ‘जनेला’. आशियातल्या भाषांत शिरलेले असे पोर्तुगीज शब्द बार्देशातल्या आसगावच्या माणसानं जमवून ठेवले आहेत. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद, जन्म १८५५. आपल्या मुलांना त्यांचं नावही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या मुलीनं प्रोजेक्टमध्ये त्यांच्यासाठी चार ओळी ठेवाव्यात.

मिस्टरांचं दुसरं पोर्ट, म्हणजे नंबर पोर्ट करणं, लॅटिनच्या ‘पोर्तारे’वरून आलं. पोर्तारे म्हणजे वाहून नेणे. नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत नेला, बस. आपल्या देशात ही सोय जानेवारी २०११ पासून सगळीकडे सुरू झाली, आणि १९०० या क्रमांकावर जो मेसेज पाठवतात त्याची सुरुवातच ‘पोर्ट’ या शब्दानं होते. हे घर फार मोठं आहे. आयात तो इम्पोर्ट, निर्यात ती एक्सपोर्ट, वाहतूक ती ट्रान्सपोर्ट. खालून उचलून धरणं म्हणजे सपोर्ट, बातमी परत वाहून आणणं म्हणजे रिपोर्ट. मुरगाव बंदरातून खनिज निर्यात होतं असं आपण इंग्रजीत म्हणतो, तेव्हा एकाच वाक्यात दोन वेगळे पोर्ट येतात. बंदर ते पोर्तुसचं आणि निर्यात ती पोर्तारेची.

‘पोर्टर’ हा शब्द तर मुलीला नक्की आवडेल. रेल्वे स्टेशनावरचा हमाल तो पोर्टर, वाहून नेणारा म्हणून. इंग्लंडातल्या जुन्या कॉलेजांच्या फाटकावर बसणारा माणूसही पोर्टर, पण तो दरवाजा राखणारा म्हणून. स्पेलिंग तेच, मूळ वेगळं. लंडनच्या हमालांच्या आवडीची म्हणून एका काळ्या बिअरलाही पोर्टर नाव पडलं. आणि हो, ‘पोर्ट्रेट’ आणि ‘पोर्शन’ यांना या घरांत घुसवू नका. दिसायला सारखे आहेत, पण त्यांची मुळं निराळी. प्रोजेक्ट फुगवायला मुलं असे शब्द भरतात आणि मग टीचरची लाल रेघ योग्यच ठरते.

कुळदेवाचं म्हटलं होतं, तो आता. बंदर, दरवाजा आणि वाहून नेणं हे तिन्ही लॅटिन शब्द फार मागं एकाच धातूला जाऊन मिळतात. अर्थ आहे पलीकडे नेणे, पार जाणे. संस्कृतमधला ‘पारयति’ त्याच मुळाचा, आणि आपला ‘पार’ही. नदी पार केली म्हणतो तो पार. इंग्रजीतला ‘फेरी’ आणि भाडं या अर्थाचा ‘फेअर’ हेही तिथलेच. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट माणसांना पार नेते, तेव्हा तिच्या नावातही हेच मूळ असतं. मात्र बाजारात मारतो ती आपली मराठी ‘फेरी’ फिरण्यातली आहे, तिचा याच्याशी संबंध नाही. रोमन लोकांचा ‘पोर्तुनुस’ नावाचा एक देव होता. तो बंदरांचाही देव आणि दारांचाही, आणि त्याच्या नावाशी किल्ली जोडलेली. त्याचं देऊळ रोममध्ये अजून उभं आहे. बंदर म्हणजे समुद्राचं दार, हे त्या लोकांना मुळातच वेगळं वाटत नव्हतं.

आता शाळेचं. जा, पण भांडायला नको आणि मुलीला घरी ठेवून तर मुळीच नको. टीचरच्या डोक्यात कदाचित धड्यातला शब्द असेल. तिथं पोर्ट बंदर याच अर्थानं आला असेल आणि परीक्षेत तोच अर्थ लागणार, अशी त्यांची काळजी असू शकते. ती काळजी खोटी नाही. पण प्रोजेक्टचा विषय ‘अनेक अर्थ’ असा असताना ‘अर्थ एकच’ हा शेरा बसत नाही, एवढंच शांतपणे सांगायचं आहे. ते तुम्ही सांगू नका, मुलीला सांगू द्या. शब्दकोशाचं पान उघडून तिनं म्हणावं, ‘टीचर, इथं हे वेगवेगळे आकडे आहेत, याचा अर्थ काय?’ शिकवणारं माणूस अशा प्रश्नावर सहसा चिडत नाही, पान जवळ ओढून वाचतं. ‘माझे आजोबा सांगतात’ यापेक्षा ‘कोशात असं आहे, आणि माझे आजोबा हेच बोटीवर रोज बोलत’ असं म्हटलेलं जास्त टिकतं. आणि मुलीला घरी स्पष्ट सांगा, की टीचरचा मान ठेवायचाच, पण म्हणून आजोबांना खोटं ठरवायची गरज नाही. ती जे म्हणाली ते सासऱ्यांनी ऐकलंय. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, त्यांना लाल रेघेपेक्षा नातीचं ते वाक्य जास्त लागलं असावं.

प्रोजेक्ट पुन्हा करताना अर्थांची नुसती यादी नको. प्रत्येक अर्थ ज्या माणसाकडून आला त्याचं काम, मग कोशातला आकडा, मग मूळ शब्द, असं लिहू दे. ‘बोटीची डावी बाजू’ या अर्थाचं पान सासऱ्यांना तोंडी सांगायला लावा आणि तिला उतरवून घेऊ दे. पोर्ट आणि स्टारबोर्डचं चित्रही त्यांच्याच हातचं असू दे, लाल-हिरव्या दिव्यांसकट.

मराठी शब्द हवा असेल तर ‘वर’ घ्या. ‘माडावर चढला’ यातला वर संस्कृतच्या ‘उपरि’चा झिजून झालेला आहे. देवाकडे मागतात तो वर आणि लग्नात बोहल्यावर उभा राहतो तो वर, हे दोन्ही मात्र ‘वृ’ या धातूचे, निवडणे या अर्थाचे. देवापुढं जे निवडून मागितलं तो वर, आणि मुलीकडच्यांनी जो निवडला तोही वर. म्हणजे तीन अर्थ, पण शब्द दोनच. मराठी शब्दकोशात ‘वर’ उघडून मुलीला आधी स्वतः ओळखू द्या, यातले कुठले दोन सख्खे आणि कुठला परका. तिला ते जमलं, की ‘पोर्ट’चं पान टीचरसमोर उघडताना ती अडखळणार नाही.